माळवदाची माती उतरवा
(नायगाव येथील बैठकीतील भाषण)



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून माणसे झोपली होती, आणि किल्लारीची धरणी हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. धरणीने मारले, असे आपण म्हणतो. खरे मारले ते भिंतींनी आणि माळवदांनी. दोन-अडीच फुटी भिंत, आतबाहेर दगडांचे दोन थर, मध्ये भर, सांधायला नुसता चिखल. आणि वर दरसाल चढवलेली पांढरी माती. थर सुटले, माळवद अंगावर आले.

मग ५२ गावे नव्या जागी वसली. जागतिक बँकेचे कर्ज आले, पक्की घरे झाली. पण पुष्कळ ठिकाणी रस्ते रुंद, अन् बैल बांधायला, कडबा रचायला जागा नाही, शेत लांब. शेतकऱ्याचे घर शेतकऱ्याला विचारून आखावे लागते.

२०२४ च्या मार्चात आणि जुलैत हिंगोली-नांदेडकडे पुन्हा धक्के बसले. आपली माळवदे अजून उभी आहेत. ती पाडा, असे आम्ही म्हणत नाही. उन्हाळ्यात तीच थंड. आम्ही म्हणतो, जादा माती उतरवा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवा. दारांच्या वर चारी भिंतींना सलग पट्टा बांधा.

सरकारी मदत माणूस मेल्यावर येते. माती आज उतरवता येते. या उन्हाळ्यात पहिले टोपले आम्ही आमच्याच माळवदावरून उतरवतो. तुम्हीही उतरवा.