'पिशवी काढायची'? आधी शब्द फोडून वाचू
(झरी, जि. परभणी येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)

आपण म्हणतो, 'पिशवी काढली'. दवाखान्याच्या कागदावर असते 'हिस्टरेक्टमी'. एवढा लांब शब्द बघून आपण वाचणेच सोडतो आणि सही करतो, अंगठा उठवतो. आज तो फोडू. माझ्यामागून म्हणा: हिस्–ट–रेक्–ट–मी. जोर 'रेक्'वर.

हे झाले बोलण्याचे तुकडे. अर्थाचे तुकडे दोनच. 'हिस्टर' म्हणजे ग्रीक भाषेत गर्भाशय. 'हिस्टेरिया'ही त्यातूनच आला. बाईचे प्रत्येक दुखणे गर्भाशयाच्या माथी मारायची रीत इतकी जुनी! 'एक्टमी' म्हणजे कापून काढून टाकणे.

शब्दाची शेपटी ओळखा. 'स्कोपी' म्हणजे दुर्बिणीने आत पाहणे. 'टमी' म्हणजे छेद घेणे. 'एक्टमी' म्हणजे तो भागच काढणे. लॅपरोस्कोपी, लॅपरोटमी, हिस्टरेक्टमी; कानाला सारखे, पण एकीत पोट तपासतात, दुसरीत उघडतात, तिसरीत गर्भाशय जाते.

हा फरक कोर्टापर्यंत गेला आहे. 1995 साली दिल्लीत समीरा कोहली यांनी लॅपरोस्कोपीसाठी, लागल्यास लॅपरोटमीसाठी संमती दिली होती. त्या बेशुद्ध असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशये काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितले: जिवावरचे संकट नसताना सज्ञान बाईऐवजी दुसऱ्याची संमती चालत नाही; तपासणीची संमती ही अवयव काढण्याची संमती नव्हे.

आणि आपल्याकडे? 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे 82 हजार बायकांची सरकारी पाहणी झाली. 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत खाडा पडला की पैसे कापले जातात; अंगावरून पांढरे जाते; त्यात कोणीतरी कॅन्सरची भीती घालतो. काही आजारांत हे ऑपरेशन लागतेच, तेव्हा जरूर करावे. पण पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा औषध असते. आणि अंडाशयेही काढली तर पाळी जाण्याचा त्रास एकदम सुरू होतो, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

म्हणून सहीआधी विचारा: कागदावर 'एक्टमी' आहे का? कोणता अवयव जाणार? अंडाशये राहणार का? औषधाने भागेल का? घाई का? दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो आपला हक्क आहे.

चला, पुन्हा एकदा म्हणू: हिस्–ट–रेक्–ट–मी!