विजेच्या मोटारीचा लांबचा प्रवास : थांब्यांचे नियोजन

पेट्रोलच्या मोटारीने मुंबईहून कोल्हापूरला निघालेला प्रवासी इंधनाचा विचार सहसा वाटेत करतो. विजेच्या मोटारीने निघणाऱ्याने तो घरीच केलेला बरा. अंतर सुमारे ३८० किलोमीटरांचे. सोबत वृद्ध माणसे व लहान मुले असताना रात्री आडरानात बॅटरी संपली, तर सारे कुटुंब अडचणीत येते. थोड्याशा हिशेबाने हा प्रसंग टाळता येतो.

समजा, बॅटरी ४० युनिटची आहे आणि एका युनिटवर मोटार ६ किलोमीटर धावते. म्हणजे एकूण पल्ला २४० किलोमीटरांचा. नियोजन करताना मात्र यातील पाचवा हिस्सा, ८ युनिट, राखीव समजावा. ठरविलेले चार्जिंग केंद्र बंद निघाले, तर याच शिलकीवर पुढचे केंद्र गाठावयाचे असते.

मुंबई ते पुणे या १५० किलोमीटरांस २५ युनिट लागतील. बोरघाटाच्या चढणीसाठी आणखी दोन-तीन युनिट धरावेत. पुण्यास सुमारे १२ युनिट उरतात. तेथे पहिला थांबा घ्यावा. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरावी, कारण त्यापुढे ती फार सावकाश भरते. ३० किलोवॅटच्या यंत्रावर यास सुमारे पाऊण तास लागतो. तेवढ्यात जेवण उरकते. पुढे खंबाटकी घाट ओलांडून ११० किलोमीटरांवर सातारा येते. हा दुसरा थांबा. तेथून कोल्हापूर १२० किलोमीटर. अशा रीतीने राखीव साठ्यास हात न लावता प्रवास पूर्ण होतो.

वेगाचाही विचार हवा. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो आणि पल्ला घटतो. घाट उतरताना काही वीज बॅटरीत परत येते. परंतु तिच्या भरवशावर थांबा टाळू नये.

परतीचा विचार पुष्कळदा राहून जातो. मुक्कामाच्या ठिकाणी योग्य अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा प्लग आहे काय, याची आगाऊ चौकशी करावी. रात्रभरात त्यावर बॅटरी बहुतांशी भरते.

महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरांस चार्जिंग सुविधेचे उद्दिष्ट आहे. सुविधा वाढत जातील तसा प्रवास सुकर होईल. तथापि निघण्यापूर्वी प्रत्येक थांब्यासाठी एक पर्यायी केंद्र कागदावर टिपून घेणे, हे प्रवाशाचे स्वतःचे काम आहे.