पाणी कोठे उतरते?

श्रोतेहो, बांध कोठे घालावा यावर गावात बोलणे निघाले, की जो तो हात करून सांगतो, "पाणी इकडूनच उतरतं!" पण डोंगराच्या पायथ्याशी नजर फसते. समोर उभा चढ असला, की अलीकडचा थोडा चढ उतारच वाटू लागतो. अशा अंदाजावर घातलेला बांध पुढे फुटला, तर शेजाऱ्याच्याही शेतातली माती जाते.

म्हणून आधी नकाशा उघडावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशावर तपकिरी रेषा दिसतात, त्या समोच्चरेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणे सारख्याच उंचीची. पाणी या रेषांना काटकोनात छेदून उतरते. ओढ्यापाशी रेषा मोडते आणि तिचे टोक उगमाकडे वळते. डोंगराच्या सोंडेवर तेच टोक खालच्या अंगाला असते. गुरुजी, मुले हटकून उलटे सांगतात, तेव्हा येथे जरा थांबावे. महाबळेश्वराचा नकाशा दाखवावा. एकाच माथ्यावरून सावित्री अरबी समुद्राकडे जाते, तर कृष्णा बंगालच्या उपसागराकडे.

फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अवकाशयानातून ११ दिवसांत पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली गेली. त्यावरून सुमारे ३० मीटरांच्या चौकटी पाडल्या आहेत, आणि प्रत्येक चौकटीला उंचीचा आकडा आहे. संगणक प्रत्येक चौकटीच्या आठ शेजाऱ्यांकडे पाहतो आणि सर्वांत तीव्र उताराची दिशा निवडतो. हे वर्गात आलेखाच्या कागदावरही करता येते. मधली चौकट ५६२ मीटर, पूर्वेची ५५९, आग्नेयेची ५५८, बाकीच्या उंच. पाणी कोठे जाईल? मुले म्हणतील, आग्नेयेला. पण कोपऱ्याचे अंतर सुमारे ४२ मीटर! तिकडे ४ मीटर उतरायला ४२ मीटर लागतात, पूर्वेला ३ मीटर ३० मीटरांतच उतरतात. उतार पूर्वेचाच तीव्र.

मात्र या आकड्यांत काही मीटरांची चूक असू शकते, दाट झाडीत तर जमिनीपेक्षा जास्त उंची येते. रस्त्याखालची मोरी त्यात दिसत नाही. सपाट शिवारात तेवढ्यावर विसंबू नये. पारदर्शक नळीत पाणी भरावे, दोन टोके दोन खुणा केलेल्या काठ्यांना बांधावी, आणि काठ्या जमिनीवर सरळ उभ्या धराव्या. दोन्हीकडचे पाणी एका पातळीत येते. ज्या काठीवर आकडा मोठा, तिकडची जमीन खाली. नळीत बुडबुडा तेवढा राहू देऊ नका.