झाड छाटणे, 1 नग

मे महिना आला की मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमधून करवतीचे आवाज यायला लागतात. पावसाच्या आत झाडं छाटून घ्यायची असतात. आमच्या सोसायटीतही पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आली, तीन कोटेशनं आली आणि सभेत पाच मिनिटांत सर्वांत स्वस्त ठेकेदार ठरला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्याचा दर कमी होता, कारण "लाकूड आम्ही नेऊ" अशी त्याची अट होती. त्या अटीचा अर्थ मला उशिरा कळला. बारीक फांदीला वखारीत भाव नसतो. दुपारपर्यंत आमच्या जुन्या पर्जन्यवृक्षाचा नुसता खांब उरला. वर चढलेल्या मुलाच्या कमरेला पट्टासुद्धा नव्हता.

फांदी कापणं हे कसब आहे. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर कडा असते. जखमेवर येणारी नवी साल तिथूनच वाढते. म्हणून त्या कडेच्या जरा बाहेर कापायचं; खोडालगत सपाट नाही आणि वीतभर खुंट ठेवूनही नाही. जड फांदीला तीन काप लागतात. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालून. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं चिरून दाखवलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. झाड तिला आतून भिंती घालून कोंडून ठेवतं. सरसकट शेंडे मारले की झाडाला ते पेलत नाही, कूज आत उतरते. वरून मात्र भराभर धुमारे फुटतात आणि लोकांना वाटतं, झाड सावरलं. त्या धुमाऱ्यांची पकड वरवरची असते. जाड झाले की वादळात तेच मोडून पडतात.

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरची झाडं हेरिटेज वृक्ष ठरली. घरातल्या वायरिंगला आपण परवानाधारक वायरमन मागतो. झाडावर करवत चालवणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही. ब्रिटनमध्येही या धंद्याला परवाना लागत नाही. पण तिथे झाडांच्या कामाचं लेखी मानक आहे, ब्रिटिश स्टँडर्ड 3998. काम त्याप्रमाणे करायचं असं ग्राहकाने ऑर्डरमध्ये लिहिलं, की सगळ्यांचे दर एकाच कामाचे येतात.

आमच्या सभेपुढच्या कागदांवर "झाड छाटणे, 1 नग" एवढंच होतं. सर्वांत महाग कोटेशन देणारा माणूस अर्धा तास झाडाखाली मान वर करून उभा होता. त्याच्या दरात दोन दिवसांची मजुरी, दोर, पट्टे आणि माणसांचा विमा धरलेला होता. आम्ही त्याला एक प्रश्नही विचारला नाही.

यंदा तुमच्या सोसायटीत कोटेशन मागवण्याआधी कामाचा तपशील तुम्हीच लिहा. कोणत्या फांद्या, कुठे कापायच्या. चढणाऱ्याला पट्टा, हेल्मेट आणि विमा. लाकूड ठेकेदाराचं नाही, सोसायटीचं. आणि करवत सुरू होईल त्या सकाळी कुणीतरी झाडाखाली हजर राहा.