भूकंपाचा कायदा आणि घराची भिंत

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्याच्या स्मरणातून कधीही जाणार नाही. आदल्या दिवशी गणरायाचे विसर्जन करून लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे गाढ झोपी गेली होती. चार वाजण्यास काही मिनिटे अवकाश असता धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर व आसपासची खेडी क्षणार्धात जमीनदोस्त झाली आणि सुमारे १०,००० माणसे प्राणांस मुकली.

हा संहार एकट्या धरणीकंपाने केला काय? त्याचे मान सुमारे ६.२ होते, याहून मोठे धक्के जपानसारख्या देशाने अल्प हानीवर निभावले आहेत. किल्लारीस घात केला तो घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती व वर मातीचे जड माळवद, अशी तेथील बांधणी असे. भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांशी सांधलेले नव्हते. हादऱ्यासरशी ते फाकले व निजलेल्यांवर कोसळले. हलक्या छपरांच्या झोपड्या मात्र बहुतांशी तगल्या.

आणि हा टापू तर त्या वेळच्या भूकंप-नकाशात सर्वांत निर्धोक पट्ट्यात गणला जाई! २००२ साली नकाशा सुधारला, तेव्हा तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. छत्रपती संभाजीनगर त्याच नकाशात सर्वांत सौम्य अशा दुसऱ्या पट्ट्यात होते. किल्लारीचा अनुभव पाहता एवढ्यावर तेथील नागरिकांनी निर्धास्त राहणे शहाणपणाचे ठरेल काय?

सुरक्षित बांधणीची मानके देशात केव्हाच सिद्ध झाली आहेत. परंतु स्थानिक बांधकाम-नियमांत त्यांचा अंतर्भाव होईपर्यंत ती केवळ सल्ल्यासारखी राहतात. गुजरातेतील २००१ च्या भूकंपानंतर केंद्रीय गृहखात्याच्या तज्ज्ञ समितीने २००४ साली त्यासाठी नमुना-दुरुस्त्या सुचविल्या. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदाही झाला. तथापि नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करणारा नियम जुन्या दगडी घरापर्यंत पोहोचत नाही. म्हणून शाळा व रुग्णालये यांची मुदतीने तपासणी, गवंड्यांस शिक्षण आणि गरीब घरमालकास अनुदान, या तीन गोष्टी कायद्याने बांधून दिल्या पाहिजेत.

खर्चाचा आक्षेप येथे निघेल. पण भिंतीच्या आरपार जाणारे काही लांब दगड व दारे-खिडक्यांवरून घराभोवती फिरणारा एक काँक्रीटचा पट्टा, यांचा खर्च नव्या घराच्या मानाने थोडाच. कायद्याची कसोटी राजपत्रात लागत नाही. ती त्या पहाटे भिंत उभी राहते की नाही, येथे लागते.