खत पाण्यात नको, चिखलात हवे



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावे कारखान्यांची व वसाहतींची म्हणून परिचित आहेत. तथापि या परिसरातील गावांच्या खाचरांत आजही पावसाळी भात पिकते. तेथे युरिया पाण्यावर फेकला जातो. त्यातील पुष्कळसे नत्र वायुरूपाने उडते किंवा बांधावरून वाहून उल्हास नदीस मिळते. शेतकऱ्याचा पैसा वाया जातो आणि आपली शहरे जिचे पाणी पितात, ती नदीही बिघडते.

2015 पासून युरियास कडुनिंबाच्या तेलाचे लेपन सक्तीचे झाले. त्यामुळे नत्राचे रूपांतर मंदावते. वाहते पाणी मात्र थांबत नाही.

म्हणून डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतील चौथे सूत्र ध्यानी घ्यावे. 15 व 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने लावणी करावी. त्याच दिवशी जवळच्या चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचावी. तेथील चिखलात हवा नसल्याने नत्र मातीच्या कणांस धरून राहते व मुळांना हळूहळू मिळते. पाणी झिरपून जाणाऱ्या रेताड जमिनीत मात्र ही अपेक्षा ठेवू नये.

हाताने गोळी खोचण्यास मजुरी अधिक लागते, हे खरे. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आरंभी एकच गुंठा निवडावा. त्यास सुमारे 630 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोपेक्षा कमी खत पुरेल. शेजारी नेहमीच्या पद्धतीचा गुंठा ठेवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून दोन्हींचे खत, मजुरी व उत्पन्न मोजून फळ्यावर लिहावे. निर्णय गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा.