पिस्तुलाचे म्यान

तलवार म्यान करणे म्हणजे भांडण थांबविणे, असा अर्थ मराठीत रूढ आहे. शस्त्र उपसण्यास जेवढे धैर्य लागते, तेवढाच संयम ते परत ठेवण्यास लागतो, ही जाण या वाक्प्रचारामागे आहे. नेमबाजी शिकू लागलेल्या मुलाच्या पिस्तुलासाठी म्यान, म्हणजेच होल्स्टर, शोधताना हीच जाण उपयोगी पडते.

धार जिल्ह्यातील कुक्षी हे एके काळी पवारांच्या धार संस्थानातील परगण्याचे ठाणे. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि तलवारी भिंतीवर गेल्या. आज याच मुलखातून पुढे महूला गेले, की भारतीय लष्कराचे नेमबाजी पथक लागते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविणारे विजयकुमार याच पथकाचे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी जिंकले. अशा वार्ता घरोघर पोहोचतात, मुलगा पिस्तुलाचा हट्ट धरतो आणि लगेच दुसरी मागणी येते ती कमरेच्या चामडी म्यानाची. चित्रपटातील नायकाच्या कमरेला ते असते ना! वडील बाजारात चौकशी करतात. तयार वस्तू मापाची मिळत नाही. मग पावले मोच्याच्या दुकानाकडे वळतात.

मोच्याने रापी हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. नवशिक्याचे स्पर्धेचे पिस्तूल बहुधा दहा मीटरवरचे हवेचे पिस्तूल असते. त्याचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, वजन दीड किलोपर्यंत आणि लांबी बेचाळीस सेंटिमीटरपर्यंत चालते. मूठ हाताच्या घडणीप्रमाणे बनविलेली, रुंद व उंचसखल असते. चाप अवघ्या पाचशे ग्रॅमच्या दाबाने सुटला तरी नियमात बसतो. एवढी लांब वस्तू आणि एवढा हलका चाप कमरेला बांधून हिंडणे गैरसोयीचे आहे आणि धोक्याचेही. शिवाय ऑलिंपिकमधील कोणत्याही पिस्तूल प्रकारात म्यानातून शस्त्र उपसावे लागत नाही.

म्हणून या पिस्तुलाचे खरे म्यान म्हणजे त्याची पेटी. गावातील सुतारही ती चांगली करू शकतो. आत जाड फोम घालून त्यात पिस्तुलाच्या आकाराची खाच कापावी, म्हणजे प्रवासात ते हलत नाही. पेटीला कुलूप असावे. पिस्तूल रिकामे असल्याची खूण म्हणून त्याच्या नळीत भडक नारिंगी रंगाची सुरक्षा-दोरी आरपार घालावी आणि मगच पेटी मिटावी. हाच आंतरराष्ट्रीय स्पर्धेचाही दंडक आहे. छर्रे वेगळ्या डबीत ठेवावेत. निमाडचा उन्हाळा कडक. तेव्हा दाबलेल्या हवेची नळकांडी उन्हात तापणाऱ्या मोटारीत कदापि ठेवू नये आणि तिच्यावरील मुदतीची तारीख पाहत जावी.

म्यानातून पिस्तूल काढून नेम साधण्याचा प्रॅक्टिकल शूटिंग हा प्रकार निराळा. त्यासाठी, शिक्षकांच्या संमतीने, चामड्याचे म्यान करावयाचे झाले, तर मोच्याची विद्या कामी येते. जोडा जसा कलबुतावर चढतो, तसेच म्यानही चढवावे. पिस्तुलाच्या मापाचा लाकडी नमुना सुताराकडून करून घ्यावा, म्हणजे खरे शस्त्र दुकानात ठेवण्याची वेळच येत नाही. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने कमावलेले जाड कातडे पाण्यात भिजवून नमुन्यावर दाबावे, सावलीत वाळू द्यावे आणि आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण घालावी. चाप पूर्णपणे झाकला गेला पाहिजे. तो उघडा ठेवणारे म्यान कितीही देखणे असले तरी टाकाऊ. तोंड ताठ असावे, म्हणजे पिस्तूल परत ठेवताना कातड्याची कड चापात अडकत नाही. मात्र कातडे दमट हवेतील ओल धरते. म्हणून पिस्तुलाचा मुक्काम म्यानात नसावा, नाही तर पोलादावर गंज चढतो.

कायद्याचीही दृष्टी हीच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीला अग्निशस्त्र बाळगता येत नाही; विहित वयानंतर ठराविक अटींवर प्रशिक्षणापुरता वापर तेवढा करता येतो. अर्थात् शस्त्राची जबाबदारी वडीलधाऱ्यांची आणि पेटीची किल्लीही त्यांच्याच हाती असावी. हवेचे पिस्तूल म्हणजे खेळणे, ही समजूत तर फारच घातक आहे. जवळून सुटलेला छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

यावर मुलगा हिरमुसेल. कमरेची ऐट गेली आणि हाती आली एक कुलूपबंद पेटी! पण नेमबाजाचा दिवस नेम धरण्याने सुरू होत नाही. पेटी उघडणे, नळी सुरक्षित दिशेला ठेवणे, चापापासून बोट दूर ठेवणे आणि काम संपताच नळीत दोरी घालून पेटी मिटणे, हे धडे आधी गिरवावे लागतात. ज्या मुलाला पिस्तूल नीट ठेवता येते, त्याच्याच हाती ते द्यावे. पवारांच्या तलवारींना म्यान होते, ते याच शहाणपणापोटी.